नदीत पळायला

पुलाच्या मध्यावर ती बाई उभी होती. साठी ओलांडलेली, हातात बाजाराची चाकांची पिशवी, अंगावर घरात घालतात तसला निळ्या चौकड्यांचा झगा. एप्रिलमधला रविवार, सकाळचे साडेआठ. मी समोरून पळत येत होते. मला बघून तिने तळहात किंचित वर केला, झोपलेल्या बाळाजवळ कोणी मोठ्याने बोललं की आपण करतो ना, तसा. आणि म्हणाली, "देस्पासिओ." हळू. रागावलेली नव्हती, हसलीही नाही. मी थांबले, आणि थांबता थांबता माझा अंगठा सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे गेला, धावण्याची वेळ थांबवायला. तिने ते पाहिलं. मग पिशवी ओढत ती माझ्या बाजूने निघून गेली. पिशवीतून कांद्याच्या पातीसारखं काहीतरी डोकावत होतं. उरलेला अर्धा पूल मी चालत गेले.

त्या पुलावर पळत नाहीत का? जमीन ओली होती का? की मी कोणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरले होते?

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मी धाकट्या बहिणीकडे राहत होते, 2025 च्या फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत. पहिल्याच सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत असताना तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "ताई, नदीत जातेयस का?" सात वर्षं तिथे राहून ही मराठी विसरायला लागली, असं मला वाटलं. नदीवर म्हणायचं असेल. पण तिथली माणसं खरंच तसं बोलतात. नदीत भेटू, मुलांना नदीत घेऊन जाते, संध्याकाळी नदीत पळतो. तुरिया नदीच्या त्या पात्रात पाणी नाही. शहराच्या पोटातून वळसे घेत गेलेली जवळजवळ नऊ किलोमीटर लांबीची बाग आहे, आणि तिला बाग म्हणायला कोणी तयार नाही. पुणेकर म्हणून मला ते लगेच आपलं वाटलं. आपणही 'पात्रातून जा, लवकर पोचशील' असं सहज म्हणतो. पण आपल्या पात्रात मुठा असते, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की ती आपला रस्ता परत मागून घेते. भिडे पुलावरून पाणी गेल्याची बातमी आल्याशिवाय पुण्याचा पावसाळा सुरू झाल्यासारखा वाटत नाही.

तर मी नदीत पळायला लागले. पश्चिमेकडच्या काबेसेरा बागेपासून सुरुवात करायची आणि पाणी वाहिलं असतं त्या दिशेने, समुद्राकडे जायचं. फेब्रुवारीत तिथे आठ वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. रस्त्यावरून उतार उतरून पात्रात आलं की हवा एकदम बदलते. गारवा दोन-तीन अंशांनी वाढतो, वरच्या गाड्यांचा आवाज मऊ होतो, आणि ओल्या मातीचा, पाइनच्या सुयांचा, झाडाखाली पडून आंबलेल्या कडू संत्र्यांचा वास येतो. पळणाऱ्यांसाठी तिथे मातीचा वेगळा मार्ग आखलेला आहे. त्यावर बुटांचा आवाज होतो तो डांबरासारखा नसतो, वाळलेल्या शेवयांवरून कोणी हात फिरवावा तसा बारीक करकर असा असतो. डावी-उजवीकडे नदीच्या जुन्या दगडी भिंती. तुम्ही तळाशी असता आणि शहर तुमच्या डोक्यावर. कुत्रा फिरवणारा माणूस वरच्या कठड्यावरून खाली बघतो तेव्हा तो एखाद्या घाटावरून बघतोय असं वाटतं.

आणि पूल. पुलाखालून पळण्यात एक मजा आहे जी पुलावरून पळण्यात नाही. सेर्रानोसच्या वेशीचे दोन प्रचंड बुरूज चौदाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बांधलेले, ते वर उजवीकडे सरकतात आणि तुम्ही त्यांच्या समोरच्या पुलाखाली शिरता. त्यानंतरचा त्रिनिदाद पूल सगळ्यात जुना, पंधराव्या शतकातला. टोकदार कमानी, पावसाने काळे-पिवळे पडलेले दगड, कमानीखाली पारव्यांचा घुमणारा आवाज. त्याच्या खांबांना वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी यायचं त्या बाजूला, नावेच्या नाळीसारखं टोक काढलेलं आहे. लोंढा दुभंगावा आणि पुलाला धक्का कमी बसावा म्हणून. आता त्या टोकांपुढे हिरवळ आहे. एकदा सकाळी तिथे एक मुलगी टोकाला टेकून पुस्तक वाचत बसलेली दिसली. सहाशे वर्षं दगड एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत. मी त्यांच्याकडे पाठ करून, म्हणजे पाण्याच्या दिशेने, पळत होते, आणि प्रत्येक वेळी तिथून जाताना मागे वळून बघावंसं वाटायचं.

पुढे फुलांनी मढवलेला पूल येतो, संगीतगृह येतं, जमिनीवर पडलेला अवाढव्य गलिव्हर येतो, ज्याच्या केसांवरून आणि कोटाच्या घड्यांवरून मुलं घसरगुंडी खेळतात. शेवटी कालात्राव्हा या तिथल्याच वास्तुविशारदाच्या पांढऱ्या इमारती, माशांच्या सांगाड्यांसारख्या, आणि त्यांच्याभोवती उथळ निळं पाणी. डिसेंबरमधली मॅरेथॉन तिथे संपते. पाण्यावर निळा मंच टाकतात आणि धावणारे जणू पाण्यावरून पळत येतात. अख्ख्या पात्रात पाण्यावरून धावण्याची सोय तेवढीच, आणि ते पाणीही हौदातलं. हे शहर स्वतःला धावण्याचं शहर म्हणवून घेतं, आणि ते खरं आहे. सपाट जमीन, समुद्रावरची हवा, बघायला येणारी माणसं. 2020 मध्ये चेप्तेगेईने दहा हजार मीटरचा जागतिक विक्रम, 26 मिनिटं 11 सेकंदांचा, याच पात्रातल्या मैदानावर केला. ते मैदान ओलांडताना माझीही पावलं जरा भरभर पडायची.

पण मला सारखं वाटत राहायचं, की नदी गेली कुठे?

बहिणीच्या घराजवळच्या एका जुन्या गल्लीत, माझ्या डोक्याच्या बरीच वर, भिंतीत एक फरशी बसवलेली आहे. पाणी इथवर आलं, 14 ऑक्टोबर 1957. शहराच्या जुन्या भागात अशा खुणा अजून सापडतात. त्या दिवशी तुरियाला पूर आला तो दोनदा. एकदा रात्री, उजाडायच्या आधी, आणि लोक चिखल उपसायला लागले तोवर दुपारी दुसरा, पहिल्याहून मोठा. किमान 81 माणसं गेली. त्यानंतर ठरलं की नदी शहरातून काढायची. 1961 साली तसा कायदा झाला आणि दक्षिणेला, शेतांमधून, सुमारे बारा किलोमीटरचं नवं पात्र खणलं गेलं, सेकंदाला पाच हजार घनमीटर पाणी वाहून नेईल एवढं रुंद. खर्चासाठी इतर मार्गांबरोबर टपालाचाही एक होता. व्हॅलेन्सियातून जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पंचवीस सेंटिमोचं आणखी एक छोटं तिकीट चिकटवावं लागे. म्हणजे कोणी प्रेमपत्र लिहिलं, कोणी मयताचं कळवलं, तरी नदी हलवायला त्याचे चार पैसे जात होते. हा तपशील मला बहिणीच्या शेजारच्या आजोबांनी सांगितला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

1961. माझ्या घरात या सालाला नाव नाही, त्याला नुसतं 'पानशेत' म्हणतात. 12 जुलैला सकाळी आजी शनिवार पेठेतल्या खोलीत शेगडीपुढे होती आणि बोळातून कोणीतरी ओरडत गेलं, "धरण फुटलं." आधी कोणाचा विश्वास बसला नाही. मग माझ्या दोन वर्षांच्या बाबांना कडेवर घेऊन ती पर्वतीच्या दिशेने निघाली, शेगडी तशीच जळती ठेवून. त्या शेगडीबद्दल ती मरेपर्यंत बोलत राहिली. वाहून गेलेल्या भांड्यांबद्दल, लुगड्यांबद्दल, लग्नाच्या फोटोबद्दल नाही. "जळती ठेवून गेले गं मी." नंतर ते लोक पूरग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत राहिले. मी लहान असताना ती रोज वर्तमानपत्रातला धरणसाठ्याचा तक्ता आधी वाचायची, मग राशिभविष्य, मग बाकीचं. घरातले महत्त्वाचे कागद माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असायचे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्यावरही ती पेटी माळ्यावरच राहिली. व्हॅलेन्सियाच्या गल्लीतल्या फरशीपुढे उभी राहिले की मला ती पेटी आठवायची. एकाच साली एका शहराने नदी हलवायचं ठरवलं, आणि दुसऱ्या शहराने नदीशेजारीच पुन्हा भिंती उभ्या केल्या. कोणी शहाणपणा केला हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आताही येत नाही.

नदी गेली, आणि कोरड्या पात्रातून मोठा महामार्ग काढायचा बेत होता. विमानतळाहून थेट बंदराला. मला हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही, आपल्याकडेही रिकामी जागा दिसली की पहिल्यांदा रस्ताच सुचतो. पण सत्तरच्या दशकात, हुकूमशहा फ्रँको अजून जिवंत असताना, लोकांनी त्याविरुद्ध आवाज काढला. "तुरियाचं पात्र आमचं आहे आणि ते आम्हाला हिरवं हवंय." व्हॅलेन्सियन भाषेतली ही घोषणा तिथल्या पन्नाशीपुढच्या कोणालाही अजून पाठ आहे. 1976 मध्ये पात्राची जमीन शहराला मिळाली, पुढच्या दशकात बाग होऊ लागली. मुठेच्या काठावरच्या झाडांसाठी मानवी साखळी धरून उभी राहिलेली पुण्यातली माणसं मला ठाऊक आहेत, म्हणून ही घोषणा मी मराठीत मनात म्हणून बघितली. वजन तेवढंच होतं.

बाग समुद्राला मिळत नाही, हे सांगायला हवं. मत्स्यालयापाशी हिरवळ संपते आणि पुढे रेल्वेचे रूळ, बंदराच्या भिंती, तुंबलेलं पाणी. नदीचं मुख जिथे असायला हवं तिथेच वाट तुटते. मग शहराच्या रस्त्यांवरून काबान्याल या कोळ्यांच्या जुन्या वस्तीत शिरायचं. निळ्या, हिरव्या, विटकरी फरशांनी मढवलेली बुटकी घरं, दारात खुर्ची टाकून बसलेल्या बायका, खाऱ्या वाऱ्याने खरवडलेल्या खिडक्या. आणि पलीकडे एकदम माल्वारोसाचा किनारा. सोरोया या चित्रकाराने या किनाऱ्यावरची उघडी मुलं, बैलांनी ओढलेल्या होड्या, ओल्या वाळूवरचं ऊन रंगवलं. एकदा सकाळी नऊच्या सुमाराला उन्हाचा तुकडा पाण्यावरून सरकत माझ्या पायाशी आला तेव्हा कळलं, की त्याने काहीही वाढवून रंगवलेलं नव्हतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसल्यासारखीच. हरिहरेश्वरला, गुहागरला वाढलेल्या डोळ्यांना ते विचित्र वाटतं. समुद्र सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी.

उत्तरेला वळलं तर आल्बोरायाची शेतं. चुफा नावाचं कंद तिथे पिकतं, आपल्या नागरमोथ्याचा सख्खा भाऊ, त्याचं दुधाळ गोड ओर्चाता करतात. पळून आल्यावर थंडगार ओर्चाता प्यायलं की नारळाचं दूध आणि बदामाचं सरबत यांच्या मधलं काहीतरी जिभेवर येतं. शेतांच्या कडेने हातभर रुंदीचे पाट. हे पाट अरब काळापासूनचे, आणि त्यांच्या पाण्याच्या तंट्यांसाठी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराबाहेर न्यायसभा भरते. काळे झगे घातलेले आठ शेतकरी गोल बसतात, पाटांची नावं एकेक करून पुकारली जातात, तक्रार नसली की पाच मिनिटांत उठतात. सगळं तोंडी. मी तीन गुरुवार गेले, तिन्ही वेळा कोणाचीच तक्रार नव्हती, आणि तरी दर वेळी अंगावर काटा आला. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी पाणी वाटून देतो ते ज्याने पाहिलंय, त्याला ही माणसं ओळखीची वाटतील. ज्या नदीचं पाणी ते वाटतात ती नदी शहरातून घालवलेली आहे, पण शहराच्या वर तिचे पाट अजून तिच्याकडून घेतात.

तर मी नदीच्या शोधात होते. आणि त्या एप्रिलच्या रविवारी ठरवलं, आज दक्षिणेला जायचं. नवं पात्र बघायचं.

इथे 29 ऑक्टोबर 2024 सांगावं लागेल. त्या दिवशी डोंगराकडच्या तुरीस गावात चोवीस तासांत 770 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. फोनवर धोक्याचा इशारा वाजला तो रात्री आठ वाजून अकरा मिनिटांनी, तोवर कित्येक गावांत माणसं पाण्यात होती. व्हॅलेन्सिया प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. पायपोर्ता, कातारोखा, आल्फाफार, आणि नव्या पात्राच्या दक्षिण काठावरची ला तोर्रे ही शहराचीच वस्ती. बहीण सांगत होती, त्या रात्री तिच्या गल्लीत पाऊसही धड पडला नव्हता. ती गच्चीवर कपडे वाळत घालून झोपली, आणि सकाळी उठून बघते तर पाच किलोमीटरवर गाड्यांचे डोंगर. जुन्या पात्रात एक थेंब आला नाही. बाग कोरडी. नव्या पात्राने तुरियाचं पाणी समुद्रापर्यंत नेलं आणि शहर वाचलं.

दोनच दिवस आधी, 27 तारखेला, याच शहरात केजेल्चाने अर्धमॅरेथॉनचा जागतिक विक्रम केला होता, 57 मिनिटं 30 सेकंद. बहीण तेव्हा रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभी होती. पुढच्या रविवारी ती त्याच बुटांत फावडं घेऊन निघाली.

हजारो माणसं तशीच निघाली. फावडी, झाडू, बादल्या, खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे. सान मार्सेलिनोच्या बाजूने नव्या पात्रावरच्या पादचारी पुलावर चढायचं आणि ला तोर्रेत उतरायचं. जाताना कपडे स्वच्छ, येताना कमरेपर्यंत तपकिरी. त्या पुलाला आता एकजुटीचा पूल असं नाव दिलं आहे. त्याच पुलावर मी त्या सकाळी माझ्या नेहमीच्या वेगाने चढले होते.

पायपोर्ताला बुडवणारं पाणी तुरियाचं नव्हतं. ते पोयोच्या ओढ्याचं, एरवी कोरड्या, दगड-गोट्यांच्या. आम्ही ज्या बागेत पळतो तिच्यापायी ती गावं बुडाली, असं म्हणणं सोपं आहे, आणि ते खरं नाही. बहिणीने ते मला रागावून सांगितलं, कारण तिलाही तसं वाटायचं आणि तिने ते वाटणं प्रयत्नाने खोडून काढलं होतं. तरी त्या रात्री हे पात्र शहराची सीमा झालं. एका काठावर कपडे वाळत होते. ही सीमा 1961 मध्ये कोणीतरी नकाशावर पट्टीने आखली होती, आणि कोणत्या बाजूला शेतं होती आणि कोणत्या बाजूला कॅथेड्रल, हे बघूनच आखली असणार. मी नदीत पळते तेव्हा जी हिरवळ, जे पारवे, जी करकरणारी माती माझ्या वाट्याला येते, ती त्या रेषेच्या वरच्या बाजूची आहे. यात माझा दोष नाही. पण हे मला माहीत नसताना मी दोन महिने पळाले, आणि फार सुखाने पळाले.

ला तोर्रेत त्या दिवशी मी पाऊण तास चालले. चालणंच शक्य होतं. घरांच्या भिंतींवर सरळ तपकिरी रेघ, काही ठिकाणी माझ्या खांद्याएवढी, काही ठिकाणी डोक्याच्या वर. कोणी ती रंगवून टाकली होती, पण रंगाखालून ती पुन्हा ओल धरून वर आली होती. दुकानांचं आतलं प्लास्टर उघडं, लोखंडी शटर खालच्या बाजूने वाकलेली. तळघरातल्या गाड्यांच्या जागेतून येणारा वास मी ओळखला. आमच्या जुन्या वाड्याच्या तळखोलीत तो होता, पानशेतनंतर पंचवीस-तीस वर्षांनीही, आणि आजी तिथे उतरायची नाही. एका बेकरीत पाव ताजा होता, समोरच्या मुलीने 'बोन दिया' म्हटलं आणि माझ्या बुटांकडे पाहिलं. गुलाबी, नवेकोरे. तिने सहजच पाहिलं असेल. मी दोन पाव घेतले आणि परत त्या पुलावरून, चालत, बहिणीच्या घरी आले.

"अगं, सकाळी पुलाची फरशी ओली असते," बहीण म्हणाली. "ती बाई तुला पडू नये म्हणून म्हणाली असेल." थोड्या वेळाने म्हणाली, "किंवा नसेलही."

आजीला विचारता आलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, याचा मी पुढचे कितीतरी दिवस विचार केला. पानशेतनंतर लकडी पुलावरून कोणी धावताना दिसलं असतं तर ती घाबरली असती, की पुन्हा पाणी आलं. कदाचित एवढंच असेल. माणूस पळताना दिसलं की त्या पुलावरच्या कोणाच्या तरी पोटात अजून गोळा येत असेल.

निघायच्या आधीच्या रविवारी मी पुन्हा तिथे गेले. साध्या चपला घालून, सकाळीच. पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली पाहिलं. एवढं रुंद पात्र, दोन्ही बाजूंना वाहनांची घरघर, आणि तळाशी पाण्याची एकच बारीक धार, मनगटाएवढी म्हणावी अशी. तिच्या कडेला देवनळाचं बेट, दोन बगळे. ही तुरिया. तीन महिने मी हिच्या जागेवर पळत होते. मी कठड्याला धरून उभी होते तेवढ्यात ला तोर्रेच्या बाजूने एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पुलावर चढला, पळत. फुटबॉलची लाल चड्डी, कानात काही नाही, श्वास जोरात. पुलावर तिघी-चौघी बायका होत्या, त्यांतली एक कदाचित तीच, निळा झगा तरी तसाच होता. मी तळहात वर होण्याची वाट बघत राहिले. त्या बाजूला सरकल्या. एकीने त्याला नावाने हाक मारून काहीतरी म्हटलं, तो न थांबता हसला, माझ्याजवळून जाताना "पेर्दोन" म्हणाला, आणि सान मार्सेलिनोच्या बाजूला उतरेपर्यंत त्याच्या पावलांचा आवाज पुलावर येत राहिला.